'गाय उलटली' म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, बारामतीहून येताना भवानीनगरच्या थोडी पुढे. संध्याकाळच्या धारा झाल्या होत्या आणि अंगणात खुर्ची टाकून एक हेडी बसला होता. पुढ्यात चहा. विषय चंद्रीचा. चंद्री म्हणजे दादाची एचएफ संकरित गाय, दुसऱ्या वेताची, दिवसाला २२ लिटर दूध देणारी. तिसऱ्यांदा उलटली म्हणून विकायची ठरली होती.

ज्यांच्या घरी जनावरं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाय भरवल्यावर, म्हणजे रेतन केल्यावर, ती गाभण न राहता पुन्हा माजावर आली की 'उलटली' म्हणतात. तीनदा उलटली की ती संशयित. चौथ्यांदा भरवायचा खर्च करायचा की दावं सोडायचं, एवढाच प्रश्न उरतो.

हेडी भाव पाडायला म्हणत होता, "वांझ जनावर हाय दादा, नुसतं खायला काळ." दादा रेतन करायला येणाऱ्या पोराला शिव्या घालत होता. तो पोरगा म्हणे वीर्यकांडीला दोष देत होता. आणि चंद्री खाली मान घालून उसाचं वाढं चघळत होती.

मी पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. वर्गात गर्भविज्ञान शिकवताना जे फळ्यावर काढतो ते आपल्याच गोठ्यात घडत असतं, हे कळायला मला इतकी वर्षं लागली याची लाज वाटली. त्या लाजेपोटीच हे लिहितोय.

स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. वहिनींनी चंद्रीच्या तारखांना पेनानं गोल केले होते. २ मार्चला भरवली. २३ मार्चला पुन्हा माजावर, पुन्हा भरवली. मग १९ एप्रिल, पुन्हा भरवली. मग १० मे. मी बोटं मोजली. २१ दिवस, २७ दिवस, २१ दिवस.

हे २७ बघून मी जागच्या जागी थांबलो.

का ते सांगतो. गाईचं ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचं, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. गाय फळलीच नाही तर अंडाशयावरचा पीतपिंड (जिथे स्त्रीबीज सुटलं तिथे तयार होणारी पिवळट गाठ) साधारण सतराव्या-अठराव्या दिवसापर्यंत प्रोजेस्टेरॉन बनवतो. मग गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडून त्याला विरघळवतं आणि गाय पुन्हा माजावर येते. पण गर्भ असेल तर? तर त्याला त्याआधी सांगावं लागतं की 'मी इथे आहे, घर मोडू नका'. गाईमध्ये हा निरोप म्हणजे इंटरफेरॉन टाऊ नावाचं एक प्रथिन. इंटरफेरॉन म्हटलं की आपल्याला विषाणूंशी लढणारी प्रथिनं आठवतात, आणि हे त्याच कुटुंबातलं! भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी ते पंधराव्या ते सतराव्या दिवसाच्या सुमाराला सर्वांत जास्त सोडतात. त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिनचे ग्राहक वाढत नाहीत, प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा उसळत नाहीत, आणि पीतपिंड टिकतो.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) भ्रूण हा निरोप पोचवण्याआधीच मेला, तर गाईच्या शरीराला तो होता हे कळतच नाही. ती बरोबर २१ दिवसांनी माजावर येते आणि आपण म्हणतो 'राहिलीच नाही'. निरोप पोचल्यावर मेला, तर चक्र लांबतं. २५ दिवस, ३० दिवस, त्याहूनही जास्त. मग २७ दिवसांनी उलटलेल्या चंद्रीच्या पोटात बहुतेक एक जीव होता. सोळा-सतरा दिवस तरी जगला होता. त्यानं हाकही मारली होती. मग गेला.

आणि २१ दिवसांच्या दोन वेळा? त्याही कदाचित तशाच असतील. ते कॅलेंडरवरून कधीच कळणार नाही.

जगभरच्या दुभत्या गाईंवर झालेलं काम एकच सांगतं. वेळेवर आणि नीट रेतन झालं तर दहातल्या आठ-नऊ वेळा बीज फळतं. पण वासरू बघायला मिळतं ते साधारण निम्म्या वेळा, जास्त दुधाच्या गाईत त्याहूनही कमी. मधले सगळे जातात कुठे? बहुतेक पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतच मरतात. म्हणजे आपण ज्याला 'न राहणं' म्हणतो त्यातला मोठा भाग हा राहून जाणं आहे. सगळा नव्हे. माज चुकीचा ओळखला, सकाळचा माज असून संध्याकाळच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी भरवली, कांडी कोमट पाण्यात नीट वितळवली नाही, गर्भाशयात पू आहे, ही कारणंही खरीच. पण आपण फक्त तीच धरून बसलोय. माझं भांडण इथे आहे.

हा जीव त्या दोन आठवड्यांत करतो तरी काय? फळलेलं बीज पहिले चार-पाच दिवस बीजवाहिनीतच असतं. दोन पेशी, चार, आठ. गाईचं भ्रूण आठ ते सोळा पेशींचं होईपर्यंत मुख्यतः आईनं स्त्रीबीजात बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतं. स्वतःची जनुकं जोरात कामाला लागतात ती त्यानंतर. तोवर ग्लुकोज फारसं वापरत नाही, पायरुव्हेटसारख्या साध्या इंधनावर चुलीची वात बारीक ठेवून बसतं. हेन्री लीस नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं २००२ साली मांडलं की जे भ्रूण शांत, कमी जाळत बसतं तेच जास्त टिकतं. जे धावपळ करतं ते बहुधा कुठेतरी दुखावलेलं आणि दुरुस्तीत गुंतलेलं असतं. सातव्या-आठव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होतं, ग्लुकोजची भूक एकदम वाढते. पुढच्या आठवड्यात तर ते लांबायला लागतं. जेमतेम दिसणारा ठिपका सोळाव्या-सतराव्या दिवशी दहा-पंधरा सेंटिमीटरचा, कधी त्याहून लांब, धागा होतो. त्या धाग्याला नाळ नसते. गर्भाशयाच्या ग्रंथी जे पाझरतात तेच अन्न.

आणि हे सगळं करताना ते सतत चाचपत असतं, बाहेर काय आहे म्हणून. पेशीच्या आत एमटॉर नावाचं एक प्रथिन आहे, ते अन्न भरपूर असलं की 'वाढा' म्हणतं. एएमपीके नावाचं दुसरं आहे, ते ऊर्जा कमी पडली की 'थांबा, वाचवा' म्हणतं. बाहेरून इन्शुलिन आणि आयजीएफ-१ ही संप्रेरकं येतात आणि पेशीला सांगतात की ग्लुकोज आत घे, मरू नकोस. अक्षरशः मरू नकोस! कारण पेशीत स्वतःला संपवायची यंत्रणा असते आणि हे निरोप तिला दाबून ठेवतात. उंदरामध्ये २०१६ साली असं दाखवलं गेलं की एमटॉर अडवला तर ब्लास्टोसिस्ट मरत नाही, थांबून राहतं, पुढे पुन्हा वाढूही शकतं. उंदरीण, अस्वल यांच्यात असा थांबा निसर्गातच आहे. गाय मात्र ही सोय वापरत नाही. तिच्या भ्रूणाला सोळाव्या दिवसाचा निरोप सोळाव्या दिवसालाच द्यावा लागतो. उशीर झाला की पीतपिंड गेला.

आता हे सगळं घेऊन आमच्या गोठ्यात या.

मे महिना. बारामती-इंदापूर म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा, वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाणी दिसतं ते कालव्याचं आणि उजनीचं. पारा चाळिशीला टेकलेला. वर पत्रा. चंद्री सकाळी नऊपासून धापा टाकतेय. हिचे पूर्वज हॉलंडच्या थंडीतले. १९९३ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी गाईंवर एक साधा प्रयोग केला. काही गाईंना माजानंतर पहिल्या दिवशी उष्णतेत ठेवलं, काहींना तिसऱ्या, काहींना पाचव्या, काहींना सातव्या दिवशी. आठव्या दिवशी भ्रूण काढून पाहिले. पहिल्या दिवशी तापलेल्या गाईंचे भ्रूण खराब निघाले. बाकीच्यांचे जवळपास ठीक. म्हणजे एक-दोन पेशींच्या त्या जिवाला उन्हापासून स्वतःला वाचवता येत नाही. थोडा मोठा झाला की येतं. आणि आपण काय करतो? भरवून झाली की गाय परत त्याच पत्र्याखाली बांधतो आणि कांडीची जात चांगली होती ना, याची चौकशी करतो.

दुसरी गोष्ट पोटाची. २२ लिटर दूध देणारी गाय वेल्यावर पहिले दोन-तीन महिने खाते त्यापेक्षा जास्त देते. अंगावरची चरबी जाळून दूध देते. या काळात तिच्या रक्तात इन्शुलिन कमी, आयजीएफ-१ कमी. म्हणजे भ्रूणाला 'मरू नकोस' सांगणारे निरोपच क्षीण. त्यात जास्त दूध देणारी गाय खातेही जास्त, तिच्या यकृतातून रक्त जास्त फिरतं आणि प्रोजेस्टेरॉन लवकर धुऊन निघतं. प्रोजेस्टेरॉन कमी तर गर्भाशयाच्या ग्रंथींचा पाझर उशिरा, धागा आखूड, निरोप हळू. ज्या गुणासाठी आपण पन्नास वर्षं निवड केली तोच गुण भ्रूणाच्या घशाशी आला आहे, हे कुणी बोलत नाही.

तिसरी गोष्ट वैरणीची. ऊसपट्ट्यात तोडणीच्या दिवसांत वाढं स्वस्त, कधी फुकट. पोट भरतं. मग दूध टिकवायला वरून सरकी पेंड. प्रथिनं जास्त, ऊर्जा कमी, असं गणित झालं की रक्तात युरिया चढतो. तो गर्भाशयापर्यंत पोचतो आणि तिथलं रसायन बिघडवतो. रक्तातला युरिया-नायट्रोजन १९-२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेला की गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. हाच युरिया दुधात उतरतो, दुधात मोजताही येतो. पण संकलन केंद्रावर आमच्या चिठ्ठीवर आकडे दोनच, फॅट आणि एसएनएफ. कारण डेअरीला तेवढेच हवेत. गाय गाभण राहते की नाही हा डेअरीचा प्रश्न नाही.

इथे मला कुणाचं श्रेय नाकारायचं नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली 'बाएफ' उभी केली आणि गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात नेलं. त्यातून पुणे जिल्ह्यातल्या किती घरांच्या चुली पेटल्या हे मी लहानपणी बघितलंय. आमच्या घरातली माझी फी दुधाच्या पगारावर भरली गेली. पण तेव्हा अडचण जातीची होती, म्हणून उत्तर वीर्याचं होतं. आता अडचण बदलली, तरी उत्तर तेच. २०१४ साली राष्ट्रीय गोकुळ अभियान आलं, त्यात लिंगनिर्धारित वीर्याला अनुदान, आयव्हीएफच्या गर्भधारणेला अनुदान. मध्यंतरी एका कृषी प्रदर्शनात गेलो होतो. वीर्यकांड्यांच्या स्टॉलवर वळूंचे फोटो, आकडे, गर्दी. सावलीची जाळी विकणारा बिचारा एका कोपऱ्यात माश्या मारत बसलेला.

"पण आयव्हीएफ तर उपयोगी आहे ना?" असं कुणी म्हणेल. आहे. सात दिवसांचं भ्रूण सोडलं की पहिल्या नाजूक दिवसांचं ऊन चुकतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचा खरा फायदा होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण ते भ्रूण सोडायचं कुठे? चंद्रीसारख्याच गाईत. तिच्याच गर्भाशयात, तिच्याच प्रोजेस्टेरॉनवर, त्याच वैरणीवर. सातव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंतचा रस्ता त्याला चालावाच लागतो. प्रयोगशाळेत कितीही उत्तम भ्रूण बनवा, रिकाम्या घरात पाहुणा पाठवल्यासारखं होणार. आणि तेही उलटलं की पुन्हा दोष गाईचा.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. अजैविक ताण म्हणजे ऊन, दुष्काळ, क्षार असले रोग नसलेले त्रास. देशानं या विषयाची संस्था काढली तीही आमच्याच तालुक्यांच्या मातीत, कारण ताण इथे आहे. पिकाला ताण बसतो हे आता आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. ऊस सुकला तर कुणी उसाला वांझ म्हणत नाही, पाण्याची पाळी विचारतो. गाईच्या पोटातल्या आठ पेशींच्या जिवालाही ताण बसतो हे कळायला आपल्याला काय अडतंय?

असो. हे सगळं मी त्या संध्याकाळी आवेशात बोललो. हेडी गालातल्या गालात हसत होता. दादा गप्प. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं खरं असंल. पर सावलीला जाळी, फॉगर, दोन टायमाला मका, खनिज मिश्रण, हे सगळं आणायला पैसं लागत्यात. दुधाला भाव काय भेटतो ते इच्यारलं का तुम्ही एकदा तरी?"

मी विचारलं नव्हतं.

हा टोला मी विसरलेलो नाही, आणि माझ्या म्हणण्याला तो खोडूनही काढत नाही. उलट तोच मुद्दा पुढे नेतो. गाईचा दोष नाही म्हणून तो उचलून शेतकऱ्याच्या, त्यातही गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवायचा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. कांडीला अनुदान देता येतं, कारण कांडी मोजता येते, फोटो काढता येतो, उद्दिष्ट पूर्ण झालं म्हणता येतं. न मेलेलं भ्रूण मोजता येत नाही. म्हणून पैसा कांडीकडे जातो. दुधाचा भाव पडला की पहिली कात्री खुराकाला लागते, मग इन्शुलिन पडतं, मग भ्रूण मरतं, आणि सहा महिन्यांनी आकडेवारीत येतं की 'शेतकऱ्यांमध्ये जनजागृतीचा अभाव'. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं.

आणि तो शब्द. वांझ. अंगणात हेडी तो चंद्रीबद्दल बोलला तेव्हा वहिनींचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला. आमच्याकडे हा शब्द गोठ्यातून घरात आणि घरातून गोठ्यात सहज ये-जा करतो. माणसातही असंच आहे. फळलेल्या बीजांतली मोठी संख्या रुजण्याआधी किंवा रुजता रुजताच जाते, बाईला पाळी एक-दोन दिवस लांबली एवढंच कळतं. तिथे निरोप वेगळा, एचसीजी नावाचा. गर्भचाचणीच्या पट्टीवर आपण तोच बघतो. पण रीत तीच. बाहेरची परिस्थिती चाचपून जगायचं की नाही हे ठरवणारा एक इवलासा जीव, आणि तो गेल्यावर जिच्या पोटात तो होता तिलाच नावं ठेवणारी माणसं.

फार मोठ्या मागण्या नाहीत माझ्या. प्रत्येक उलटलेल्या गाईची तारीख लिहून दिवस मोजा. २१ ला उलटली की २७ ला, हे डॉक्टरांना सांगा. दोन्हींची कारणं आणि उपचार वेगळे असू शकतात. भरवल्यावर निदान पहिले दोन दिवस तिला गोठ्यातली सर्वांत गार जागा आणि पाहिजे तितकं पाणी द्या. उन्हाळ्यात एचएफ दिवसाला १०० लिटरपर्यंतही पिते. मुक्त संचार गोठा जमत असेल तर तिची सावली तिलाच शोधू द्या. हे जवळपास फुकटातलं. आणि जे फुकटातलं नाही ते दूध घेणाऱ्यांनी आणि योजना आखणाऱ्यांनी करावं. संकलन केंद्रावर फॅटच्या शेजारी युरियाचा आकडा छापा. कांडीला देता तेवढं अनुदान सावलीलाही द्या. आणि योजनेचं यश किती कांड्या वापरल्या यावर न मोजता एका वासरामागे किती लागल्या यावर मोजा.

चंद्री त्या रात्री गेली नाही. माझ्या व्याख्यानामुळे नव्हे. हेड्यानं भाव फारच पाडला म्हणून दादा अडला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर वहिनी जुन्या साड्या शिवून पत्र्याच्या खाली दुसरं छत बांधत होत्या. मी शिडी धरली.

चौथ्यांदा जुलैत, पाऊस पडल्यावर भरवली. राहिली की नाही, हे सांगून मला माझं म्हणणं सिद्ध करायचं नाही, एका गाईवरून काही सिद्ध होतही नाही. फोनवर वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "कालनिर्णयवर गोल केलाय भाऊजी. आता दिवस मोजतीया."